गुलामीच्या अंताचा दिवस आपण कोणता मानायचा?



अमेरिकेत १९ जून हा दिवस गुलामगिरीच्या अंताचा दिवस म्हणून पाळला जातो आणि २०२१ पासून त्या दिवशी तेथे राष्ट्रीय सुट्टी असते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचले असेल. ते वाचल्यावर साहजिकच मनात प्रश्न येतो की मग आपला तसा दिवस कोणता? हा प्रश्न अभ्यासवर्गात विचारला की कोणी २६ जानेवारी सांगतो, कोणी २५ डिसेंबर. बहुतेक जण १४ ऑक्टोबर सांगतात. उत्तर चुकीचे नसते, पण तोच दिवस का, असे विचारले की सांगणारा अडखळतो. सण पाळणे सोपे असते, त्यामागचा इतिहास सांगता येणे अवघड असते. म्हणून या स्मरणिकेत हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

प्रथम अमेरिकेची हकिकत पाहू. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीचा जाहीरनामा काढला. तो फक्त बंडखोर राज्यांतील गुलामांना लागू होता. टेक्सास हे बंडखोर राज्यांपैकीच एक, म्हणजे तेथील गुलाम त्या दिवसापासून कागदोपत्री मुक्त झाले. पण टेक्सास दूर होते आणि तेथे सरकारी फौज नव्हती. उलट इतर राज्यांतले जमीनदार आपले गुलाम घेऊन टेक्सासात येऊन राहिले, कारण तेथे त्यांना हात लावणारे कोणी नव्हते. युद्ध संपत आले, एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेला, तरी टेक्सासच्या कापसाच्या शेतांत गुलाम राबतच होते. अखेर १९ जून १८६५ रोजी जनरल ग्रेंजर फौजेसह गॅल्व्हेस्टन बंदरात आला आणि त्याने हुकूम जाहीर केला की सर्व गुलाम स्वतंत्र आहेत. जाहीरनामा आणि हा हुकूम यांच्यात अडीच वर्षे गेली होती. या अडीच वर्षांत जे जन्मले ते गुलाम म्हणून जन्मले, जे मेले ते गुलाम म्हणून मेले.

त्या हुकमात आणखी एक गोष्ट होती, ती सहसा कोणी सांगत नाही. मुक्त झालेल्यांनी आहे त्याच ठिकाणी शांतपणे राहावे, मजुरीवर काम करावे आणि आळसात बसल्यास त्यांना पोसले जाणार नाही, असे त्याच कागदावर लिहिले होते. मालकाला धनी म्हणायचे नाही, पण शेत त्याचेच आणि काम तेच! पुढे डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने साऱ्या देशातून गुलामगिरी रद्द झाली. तिच्यातही गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम करून घेण्याची मुभा राहिली आणि दक्षिणेतील राज्यांनी तिचा भरपूर उपयोग केला.

तरीही टेक्सासच्या कृष्णवर्णीयांनी पाळला तो १९ जूनच. सरकारने सांगितले म्हणून नव्हे. त्यांनी स्वतःच पुढच्या वर्षापासून तो दिवस साजरा करायला सुरुवात केली. सार्वजनिक मैदाने त्यांना मिळत नसत, तेव्हा ह्यूस्टन शहरातील मुक्त झालेल्या लोकांनी १८७२ मध्ये वर्गणी गोळा करून दहा एकर जागा विकत घेतली आणि तिला मुक्ती उद्यान असे नाव दिले. सरकारी सुट्टी त्यानंतर किती वर्षांनी आली पाहा. टेक्सास राज्याने ती दिली १९८० मध्ये, आणि साऱ्या देशात ती झाली १७ जून २०२१ रोजी. तीसुद्धा आधीच्या वर्षी जॉर्ज फ्लॉइड यांना एका पोलिसाने भर रस्त्यात ठार केले, लाखो लोक रस्त्यावर आले, त्यानंतर.

आता कोणी म्हणेल की सातासमुद्रापलीकडच्या या गोष्टीचा आपल्याशी काय संबंध? संबंध जुना आहे. गॅल्व्हेस्टनच्या हुकमानंतर आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून, वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचून, जोतीरावांनी शूद्रातिशूद्रांचे दुःख आणि अमेरिकेतील गुलामांचे दुःख एकाच नावाने ओळखले. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. आणि १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी संघटना काढली तेव्हा तिचे दलित पँथर हे नावसुद्धा तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले.

कायद्याचा दिवस कोणी पाळत नाही

भारतातही गुलामी कायद्याने संपल्याची एक तारीख आहे. ७ एप्रिल १८४३. त्या दिवशी कंपनी सरकारने त्या वर्षाचा पाचवा कायदा केला. गुलामावरचा मालकी हक्क यापुढे कोणतेही न्यायालय मानणार नाही, असा त्याचा अर्थ. गुलाम बाळगणे हा गुन्हा ठरला तो पुढे १८६२ मध्ये भारतीय दंडसंहिता लागू झाल्यावर. आपला वर्धा भाग १८४३ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य १८५३ मध्ये खालसा झाले आणि १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला.

पण ७ एप्रिल कोणी पाळते का? वाचकांपैकी किती जणांना ही तारीख ठाऊक होती? आम्हालाही ती पाठ्यपुस्तकात कधी भेटली नाही. याचे कारण सरळ आहे. त्या कायद्याने आपल्या पणजोबांच्या आयुष्यात काडीचाही फरक पडला नाही. कायद्याच्या भाषेत ते गुलाम नव्हतेच. त्यांचा कोणी एक मालक नव्हता, त्यांच्या विक्रीचा कागद नव्हता. बाबासाहेबांनी हा फरक फार बारकाईने मांडला आहे. गुलामाच्या मालकाला निदान आपला गुलाम जगावा यात स्वार्थ असतो, कारण त्याने त्यासाठी पैसे मोजलेले असतात. अस्पृश्य मात्र साऱ्या गावाचा गुलाम आणि जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. तो मेला तर गावाचे काही नुकसान होत नाही. ज्याला कोणी विकत घेतलेले नाही त्याला मुक्त करण्याचा हुकूम कोणावर बजावणार?

आपल्याकडील गावगाड्यात कोटवारकी होती. मालगुजाराची आणि पाटलाची वर्दी पोहोचवायची, रात्री गस्त घालायची, सरकारी माणूस आला की त्याच्या पुढे धावायचे, मेलेले ढोर ओढायचे. बदल्यात खळ्यावर पसाभर धान्य, तेही मागून. पश्चिम महाराष्ट्रात हीच गोष्ट महार वतन या नावाने होती. ते वतन नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कायदा झाला तो ते गेल्यानंतर, १९५८-५९ मध्ये. आणि तेव्हासुद्धा वतनाची जमीन स्वतःच्या नावे करून घ्यायची तर वतनदारालाच सरकारात रक्कम भरावी लागे! पिढ्यान् पिढ्या राबवून घेतल्याचा मोबदला राबणाऱ्याला द्यावा, असे कोणालाही सुचले नाही. ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींतील गुलाम मुक्त केले तेव्हाही दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना, गुलामांना नव्हे.

महाडचे तळे आणि तीन वर्षे

हुकूम निघणे वेगळे आणि हुकूम गावात पोहोचणे वेगळे, ही गोष्ट टेक्सासपुरती नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत असा तो ठराव. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तळे कागदावर खुले झाले. गाई-म्हशी तेथे आधीपासून पाणी पीतच होत्या. पण तीन वर्षांत एकाही अस्पृश्याची तेथे पाणी प्यायची छाती झाली नाही.

२० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे लोक बाबासाहेबांच्या मागे रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. गॅल्व्हेस्टनला हुकूम घेऊन फौज आली होती. महाडला हुकूम अमलात आणायला कोणतीही फौज आली नाही, लोकांनी तो स्वतःच्या ओंजळीने अमलात आणला. त्याची किंमतही लगेच मोजावी लागली. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली, परिषदेहून परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या, आणि तळे पंचगव्याच्या घागरी ओतून 'शुद्ध' करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. विद्यार्थ्यांनी ही तारीख वहीत लिहून ठेवावी. दिलेला हक्क परत घेतला जातो, आणि तोही बैठकीत, रीतसर मतदान करून.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रहाची तयारी झाली. जागा कोणी देईना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने. तळ्यावर जाण्यास न्यायालयाची मनाई होती, म्हणून तो सत्याग्रह तहकूब झाला. पण २५ डिसेंबर १९२७ रोजी रात्री मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. तो ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, आणि ते ब्राह्मण होते, हे आपल्या तरुणांनी विसरू नये. त्या परिषदेत बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रसभेचा दाखला दिला. पाण्याचा घोट हे निमित्त आहे, प्रश्न माणूस म्हणून बरोबरीने उभे राहण्याचा आहे, हे त्यांनी पहिल्यापासून स्पष्ट ठेवले होते. तळ्याचा न्यायालयीन निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, उच्च न्यायालयात. दहा वर्षांनी.

आपल्या आयुष्यातही अशीच एक दिरंगाई होऊन गेली आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात मराठवाड्यात घरे जळली, माणसे मारली गेली. जे एकमताने ठरले होते ते अमलात यायला सोळा वर्षे लागली.

वर्ध्याचे देऊळ

आपल्या जिल्ह्याबद्दल एक प्रश्न नेहमी विचारला जातो, तो टाळण्यात अर्थ नाही. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर शेठ जमनालाल बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुले केले. त्या काळी ही धाडसाची गोष्ट होती. त्यांच्या स्वतःच्या समाजातील सनातन्यांचा विरोध त्यांनी सोसला. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजींनी आपला हरिजन दौरा वर्ध्याहूनच सुरू केला. मग वर्ध्यातील आपल्या वस्त्यांत त्या मंदिरप्रवेशाचा दिवस का साजरा होत नाही?

आम्हाला वाटते, यात कृतघ्नपणा नाही. दार ज्याने उघडले त्याचा तो दिवस आहे. त्याने तो अवश्य पाळावा. पण ज्याच्यासाठी दार उघडले त्याने त्या दिवशी स्वतः काय केले? तो आत गेला, एवढेच. आणि आतमध्ये त्याची वाट पाहत होता तोच देव, ज्याच्या नावाने त्याला बाहेर ठेवले होते. महाडला लोक स्वतः चालत गेले, म्हणून तो दिवस त्यांचा झाला. टेक्सासच्या लोकांनीही लिंकनने सही केली तो १ जानेवारी घेतला नाही, स्वतः शेतात उभे राहून बातमी ऐकली तो दिवस घेतला.

१४ ऑक्टोबर की दसरा?

आता मुख्य दिवसाकडे येऊ. १४ ऑक्टोबर १९५६. त्या दिवशी विजयादशमी होती. सम्राट अशोकाच्या धम्मस्वीकाराशी जोडलेला दिवस म्हणून बाबासाहेबांनी तो निवडला. कुशीनाराचे पूज्य भिक्खू चंद्रमणी महास्थविर यांनी त्यांना दीक्षा दिली आणि त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः लाखो लोकांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. व्यवस्थेची धुरा वामनराव गोडबोले आणि भारतीय बौद्धजन समितीच्या कार्यकर्त्यांनी उचलली होती. वर्धा जिल्ह्यापासून नागपूर जवळ. लोक रेल्वेने, बैलबंडीने, पायी, पांढरे कपडे घालून आणि शिदोरी बांधून गेले.

या दिवसाला आम्ही मुक्तीचा दिवस का म्हणतो? राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली ती २६ जानेवारी १९५० पासून. कलम २३ ने वेठबिगार बंद केली. १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हे कायदाही झाला. हे सर्व बाबासाहेबांच्या हयातीत, त्यांच्याच हाताने आणि प्रयत्नाने झाले. मग १९५६ मध्ये काय उरले होते? उरली होती ती माणसाच्या मनातील गोष्ट, आपण हलके आहोत ही. ती कोणताही कायदेमंडळाचा ठराव काढू शकत नव्हता. बावीस प्रतिज्ञांमध्ये आपला नवा जन्म झाला असे मानण्याची प्रतिज्ञा आहे. लोक नागपूरहून घरी परतले आणि त्यांनी देव्हाऱ्यातील देव काढून नदीत सोडले. ढोर ओढणे, मेलेल्याचे मांस खाणे, वर्दी देत फिरणे सोडले. त्यासाठी गावोगाव बहिष्कार सोसला, मजुरी गमावली. कलम २३ ने बंद झालेली बिगार खरी थांबली ती अशी.

नागपूरच का, यावर त्याही वेळी चर्चा झाली. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना याच शहरात १९२५ मध्ये दसऱ्याच्याच दिवशी झाली होती, म्हणून त्यांना डिवचण्यासाठी हे ठिकाण निवडले, असे काही लोक म्हणत. १५ ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी, म्हणून नागपूर, असे त्यांनी सांगितले. दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

तेव्हापासून एक वाद चालूच आहे. दिवस १४ ऑक्टोबरला पाळायचा की दरवर्षी येणाऱ्या विजयादशमीला? दीक्षाभूमीवर मुख्य सोहळा अशोक विजयादशमीला होतो. तारखेचा आग्रह धरणारे म्हणतात की पंचांगाशी आपला काय संबंध, आणि दसरा म्हटला की शस्त्रपूजा आणि रावणदहन आलेच. तिथीवाले म्हणतात की बाबासाहेबांनी अशोकाचा दिवस परत मिळविला, तो सोडून का द्यायचा? या वादात सुट्टीचे राजकारण दडले आहे. सार्वजनिक सुट्टी दसऱ्याची असते. गिरणीत, कचेरीत, शेतावर राबणाऱ्या माणसाला नागपूर गाठता येते ते त्या सुट्टीमुळे. म्हणजे आपला सर्वांत मोठा दिवस आपण दुसऱ्याच्या सणाच्या सुट्टीत साजरा करतो. आमचे मत असे की सोहळा विजयादशमीलाच राहावा, कारण गरिबातला गरीब माणूस त्याच दिवशी मोकळा असतो. पण गावोगावच्या विहारांत १४ ऑक्टोबरलाही वंदना आणि अभ्यासवर्ग व्हावा. यावरून मंडळात फूट पडण्याचे काही कारण नाही, आणि तरी ती पडते, हे आम्ही पाहिले आहे.

मुक्त होण्याची किंमतही सांगितली पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या, १९५६ मध्ये त्या शिखांनाही मिळाल्या. बौद्ध झालेला माणूस केंद्राच्या सवलतींतून बाहेर पडला. राज्याने काही सवलती चालू ठेवल्या, पण केंद्राचा कायदा बदलला तो १९९० मध्ये. चौतीस वर्षे! या काळात कित्येक बापांना मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी कागदावर जुनी जात लिहावी लागली आणि घरात बुद्धवंदना म्हणावी लागली. त्यांना दुटप्पी म्हणणाऱ्यांनी ही चौतीस वर्षे मोजावीत. आज मात्र जनगणनेत धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिण्यास कचरण्याचे कारण उरलेले नाही.

२५ डिसेंबरबद्दल एक गोष्ट राहिली. १९९६ मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूरला झालेल्या विकास वंचित दलित महिला परिषदेत हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा असा प्रस्ताव पुढे आला. मनुस्मृतीने शूद्रांइतकेच स्त्रियांनाही बांधले होते, तेव्हा तिच्या दहनाचा दिवस सर्व जातींच्या स्त्रियांचा आहे, हा त्यामागचा विचार. आपल्या विहारात या दिवशी भाषणे होतात ती पुरुषांची. भगिनी खाली बसून ऐकतात. पुढच्या वेळी व्यासपीठाची व्यवस्था उलट करून पाहावी.

वेठीचा शेवट सगळीकडे झाला असे आम्ही म्हणत नाही. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. आपल्या भागात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते, आणि आधी घेतलेली उचल फिटली नाही तर पुढचे साल त्याच वाड्यावर काढावे लागते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कायद्याची गरज समजावून सांगावी लागत नाही.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक काम. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर या आठही तालुक्यांतील आपापल्या गावी वडीलधाऱ्यांना भेटा. ढोर ओढणे गावात कोणत्या साली थांबले, गावविहिरीवर पहिली घागर कोणी भरली, हॉटेलातील वेगळी कपबशी कधी गेली, धम्मदीक्षेला गावातून किती माणसे गेली आणि परतल्यावर काय घडले, हे विचारा. तारीख आठवत नसेल तर दुष्काळ, पूर, निवडणूक, कोणाचे लग्न अशा खुणेवरून साल काढा. सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहा, आपले शब्द घालू नका, आणि नाव छापायचे की नाही हे त्यांनाच विचारा. छप्पनच्या दीक्षेला उभे राहिलेले लोक आता फार थोडे उरले आहेत, तेव्हा हे काम याच सुट्टीत सुरू करा. वह्या विहारात जमा कराव्यात. पुढील स्मरणिकेत त्या गाववार छापण्याचा मंडळाचा विचार आहे.

जयभीम.